बैठक नसलेलं मूल आणि शाळेबाहेरचं शिक्षण : नाशिकमधले आमचे चौदा महिने

गोदातीर

नमस्कार. "मुलाला शाळेतून काढावं का?" असं मी इथेच विचारलं होतं. तेव्हा कुणी धीर दिला, कुणी "घाई करू नका" म्हणून बजावलं. त्या सगळ्यांना काय झालं ते सांगायला हवं, म्हणून हा धागा.

मुलगा साडेदहा वर्षांचा. आम्ही इंदिरानगरला राहतो. दुसरीपासून डायरीत शेरे सुरू झाले. जागेवर बसत नाही, वही अपूर्ण, शेजारच्याला त्रास देतो. सासूबाई म्हणायच्या, त्याची बैठकच नाही, वयाबरोबर येईल. तिसरीत बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. दोन-तीन भेटी झाल्या, आमच्याकडून आणि वर्गशिक्षिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं जड जाण्याचं, निदान झालं.

चौथीच्या शेवटी शेवटी एक दिवस तो रिक्षातून उतरला तेव्हा शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. चावून चावून. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आई, आज मी एकदाही उठलो नाही. पण बाईंनी काय शिकवलं ते मला माहीत नाही." त्याची सगळी ताकद नुसतं बसण्यात संपत होती. त्या रात्री आम्ही दोघांनी निर्णय घेतला.

आम्ही निवडलं ते स्वयंनिर्देशित शिक्षण. काय शिकायचं, कधी, किती वेळ हे मुलानेच ठरवायचं. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधलं समरहिल १९२१ पासून आहे, तिथे तासाला बसायची सक्ती नाही. अमेरिकेतली सडबरी व्हॅली शाळा १९६८ ची, तिथे अभ्यासक्रमच नाही. हे सगळं वाचून मी भारावले होते. मूल मोकळं सोडलं की ते आपोआप फुलेल, असं मला मनापासून वाटत होतं.

पहिले दोन महिने वाईट गेले. अगदी वाईट. सकाळी उठायचं, "आज काय करू?" म्हणायचं आणि अकरा वाजेपर्यंत मोबाइल. घेतला की रडारड. एका खोक्यात मी त्याच्या अर्धवट गोष्टी जमा करत होते: आगपेटीचा टेलिफोन, मातीचा किल्ला, दोन पानं लिहिलेली गोष्ट, अर्धी शिवलेली पिशवी. नऊ झाल्या तेव्हा मोजणं सोडलं. "मला काहीच येत नाही" हे तो शाळेत असताना म्हणायचा नाही, ते घरी म्हणायला लागला.

बदल झाला तो सायकल पंक्चर झाल्यामुळे. पंचवटीत आमच्या ओळखीचं एक जुनं सायकलचं दुकान आहे. मिस्त्रीमामांनी टायर काढलं, ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते याला शोधायला लावलं. दीड तास तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, जाऊया. आता आठवड्यातून चार दिवस दहा ते बारा तिथे असतो. चाकातला आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकतोय. चाक फिरवायचं, रिम ब्रेकला कुठे घासते ते कान लावून ऐकायचं, त्या जागी घासणाऱ्या बाजूच्या उलट बाजूची तार पाव फेरा आवळायची, घासणाऱ्या बाजूची तेवढीच सैल करायची. जास्त आवळली की चाक दुसरीकडे ओढलं जातं. त्याने आल्या आल्या सगळं घट्ट आवळून चाकाचा पार आठ केला होता. मामा ओरडले नाहीत. "सोड सगळं, पहिल्यापासून" एवढंच म्हणाले. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ तारा आणि मागे ४० का, हा प्रश्न घेऊन तो घरी आला आणि त्यातून वजन, साखळीची ओढ, वर्तुळाचे भाग असं पंधरा दिवस चाललं. भागाकाराला हात न लावणारं मूल ३६० ला ४० ने भागत होतं.

मला उशिरा कळलेली गोष्ट ही की त्याच्याकडे लक्ष कमी नाही. लक्ष हवं तिकडे वळवता येणं, नको तिथून काढता येणं, सुरू केलेलं संपेपर्यंत धरून ठेवणं, हे त्याला जमत नाही. आवडीचा विषय मिळाला की लक्ष लागतं, म्हणून निवड त्याच्या हातात हवी. पण सुरुवात करणं, वेळेचा अंदाज, पुढची पायरी डोक्यात ठेवणं, हे निवड दिल्याने येत नाही. ते बाहेरून पुरवावं लागतं. म्हणून आता निवड त्याची आणि चौकट आमची.

ती चौकट अशी. सकाळी सहाला बाबांबरोबर गोदापार्कला पळणं. आल्यावर फळ्यावर तीनच कामं, ती तोच लिहितो. उरलेला वेळ लाल रंगात दिसतो असं एक घड्याळ टेबलावर, कारण "वीस मिनिटं" हा शब्द त्याच्यासाठी हवेत असतो, लाल पट्टी डोळ्यांना दिसते. आणि तो काम करत असताना मी शेजारी बसते. शिकवत नाही, टोकत नाही, माझी भाजी निवडते. मी उठले की पाच मिनिटांत तोही उठतो. हे का चालतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण रोज चालतं.

एडीएचडीची गोळी चालू आहे. शाळा सोडली म्हणून बंद केलेली नाही. डोस डॉक्टरांनी नव्या दिनक्रमाप्रमाणे बदलून दिला.

तुमचे अनुभव लिहा. विरोधातले तर नक्की लिहा.

सिडकोवासी

ताई, बाहीचं वाचून पोटात कालवलं. आमची लेक अजून पहिलीत आहे आणि हेच शेरे येतात. एक व्यवहारातला प्रश्न. सरकारी नियमात हे बसतं का? आणि दहावीचं काय?

गोदातीर

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण न घातल्यास पालकांना शिक्षा अशी तरतूद त्यात नाही आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. म्हणजे वाट मोकळी आहे असंही नाही आणि बंद आहे असंही नाही. शाळा सोडल्याचा दाखला मात्र व्यवस्थित घेऊन ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात.

दहावीसाठी दोन रस्ते सगळ्यांना माहीत आहेत. एक आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, खाजगीरीत्या बसायचं. दुसरा एनआयओएस, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथे दहावीला किमान वय १४, पाच विषय, त्यात एक तरी भाषा, माध्यम मराठीही घेता येतं. आमच्यासारख्या मुलांना सोयीचं म्हणजे सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय काढून टाकायचे.

अवांतर : एनआयओएस मूळचं नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालं ते १९८९ साली. आपल्या नाशिकजवळच्या गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही १९८९ चं. यजमानांनी सातपूरला नोकरी करता करता तिथूनच बी.ए. केलं, त्यामुळे "उघड्यावरची पदवी" असं कुणी म्हटलं की आमच्या घरात ते खपवून घेतलं जात नाही.

खडूफळा

गोदातीर ताई, प्रांजळ लिहिलंत. मी विशेष शिक्षिका आहे, वीस वर्षं याच मुलांबरोबर काढली. काही गोष्टी कळकळीने सांगते.

पहिली. हा धागा वाचून कुणी निदानाशिवाय शाळा सोडू नये. एडीएचडी म्हणायला लक्षणं एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात, घरीही आणि शाळेतही, आणि वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. फक्त शाळेतच त्रास असेल तर आधी कान, डोळे, झोप तपासा, कुणी त्रास देतंय का ते विचारा. माझ्याकडे "अजिबात लक्ष नाही" म्हणून आलेल्या एका मुलाला एका कानाने ऐकूच येत नव्हतं.

दुसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. या मुलांपैकी बऱ्याच जणांना सोबत अध्ययन अक्षमता असते. वाचनाची, लेखनाची, गणिताची. सडबरीसारख्या शाळांत मूल आपल्या वेळेला वाचायला लागेल म्हणून थांबतात. ज्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, नाही त्याच्या बाबतीत ते थांबणं कदाचित निभावेल. ज्याला आहे त्याच्या बाबतीत थांबणं म्हणजे वर्षं घालवणं. अक्षर आणि आवाजाची जोडी त्याला क्रमाने, रोज, कुणीतरी शिकवावीच लागते. तारा आवळायला मामा लागले ना, तसंच. तुमचा मुलगा सलग वाचतो का? तुम्ही सायकलीबद्दल इतकं लिहिलंत, वाचनाबद्दल एक ओळ नाही.

तिसरी. शाळेबाहेर ही मुलं बरी होतात याचे पुरावे म्हणून जे सांगितलं जातं ते तपासून घ्या. पीटर ग्रे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली अशा पालकांकडून अनुभव मागवले होते, २८ जणांचे आले. बहुतेकांनी मुलं गोळीशिवाय चांगली चालली असं कळवलं. पण ज्यांचं चांगलं झालं तेच लिहायला बसतात. उलट एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, १९९९ ला प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलं होती, चौदा महिने पाहिली गेली, आणि नीट देखरेखीखालच्या औषधाचा मुख्य लक्षणांवर स्पष्ट फायदा दिसला. पुढे तीन वर्षांनी गटागटांतला तो फरक उरला नाही, हेही त्याच अभ्यासातलं. म्हणून मी गोळीच्याही बाजूने भांडत नाही आणि शाळेच्याही. मुलाला कुठल्या जागी कसली मदत लागते तेवढं बघा.

पुन्हा_शाळेत

आम्ही करून पाहिलं आणि अकरा महिन्यांनी परत शाळेत घातलं. ही बाजूही यायला हवी.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. मी नोकरी सोडली. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच दिवसभर. गोदातीर ताईंकडे मामा होते, आमच्याकडे कुणी नव्हतं. त्याला माणसं लागतात, गलका लागतो. खालच्या मजल्यावरची मुलं साडेचारला शाळेतून यायची तर हा दोन वाजल्यापासून गेटशी उभा. मी आई उरले नव्हते. टाइमटेबल, पोलीस, मैत्रीण सगळं मीच. संध्याकाळी नवरा आला की मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. पैशाची ओढाताण झाली ती वेगळीच, थेरपीचा खर्च एका पगारात बसत नव्हता.

आता ज्या शाळेत आहे ती फार वेगळी नाही. वर्गात चाळीस मुलं आहेत. पण बाईंनी त्याला वह्या गोळा करण्याचं, पाणी भरून आणायचं काम दिलं, म्हणजे तो हक्काने उठतो. परीक्षेला कोपऱ्यात वेगळं बाक. गृहपाठ निम्मा. एवढ्यावर निभावलं. ज्यांनी शाळा सोडली त्यांना माझा विरोध नाही. पण ज्यांना जमलं नाही त्या आयांनी स्वतःला दोष देऊ नये, म्हणून लिहिलं.

मळेवाला

मी निफाड तालुक्यातला. द्राक्षबाग आहे. आमची मुलगी बारा वर्षांची. ती वळवळत नाही, उलट गप्प बसते. त्यामुळे सहावीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. "स्वप्नाळू आहे" म्हणायचे. एका शिबिरात डॉक्टर म्हणाले, मुलींमध्ये हे असंच सुटून जातं.

शाळा सोडायचा विचार आम्हाला परवडणारा नव्हता आणि गावात सोडली तर लोक तिचं लग्नच काढतील, हे स्पष्ट लिहितो. म्हणून अर्धा दिवस शाळेचा आणि अर्धा तिचा असं केलं. दुपारनंतर बाग तिची. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की तिने दोन ओळी निवडल्या आणि रोज वहीत लिहायला लागली. डोळे कधी फुटले, घड कधी निघाला, फुलोरा किती दिवस, पाऊस कधी, फवारणी कुठली. मणी भरायला लागले की साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फिरायची. मणी चिरडून काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. साडेपंधरा, सोळा, सतरा. ओळीच्या सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी का येतं हे तिने विचारलं तेव्हा मी ठिबकची लाइन तपासली, शेवटच्या नळ्या चोंदल्या होत्या. माझ्या नजरेतून सुटलं होतं.

शाळेच्या सरांना ती वही दाखवली. त्यांनी विज्ञानाचा प्रकल्प म्हणून तीच घेतली. पाठांतर अजून जमत नाही, इतिहासात नापास होता होता राहिली. पण शाळेत जायला आता रडत नाही.

रात्रपाळी

मी ३४ वर्षांचा. अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. निदान झालं ३१ व्या वर्षी, मुलाला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं लहानपण कसं होतं?" हे घराण्यात उतरतं, हे तेव्हा कळलं.

मी जे काही शिकलो ते स्वतःच शिकलो. रेडिओ, मिक्सर, इन्व्हर्टर उघडून. शाळेत त्यातलं काही नव्हतं. त्यामुळे गोदातीर ताईंच्या सायकलवाल्या मामांबद्दल वाचून फार बरं वाटलं, मला असे मामा मिळाले असते तर. पण एक सांगतो. मी आयटीआयच्या प्रवेशाची तारीख विसरलो आणि एक वर्ष गेलं. हुशारी होती, आवड होती, तारीख लक्षात नव्हती. पुढे लायसन्स, विमा, पीएफचे कागद, सगळ्यात तेच. आवडीचं काम मूल कसंही शिकेल. नावडतं पण करावंच लागणारं काम कसं उरकायचं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि त्याची किंमत मी अजून मोजतो. घरी शिकवत असाल तर रोज एक कंटाळवाणं काम त्याच्या वाट्याला ठेवा. लहानसं. आणि ते आठवणीत ठेवायला लावू नका, लिहून डोळ्यासमोर लावायला शिकवा. मी आता सगळं कपाटाच्या दारावर लिहितो, आतून नाही, बाहेरून.

जुनी_बालवाडी

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका, वय ७१. तुमचं "एडीएचडी" आमच्या वेळी नव्हतं, अशी मुलं मात्र होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. १९४५ ला बोर्डीला सुरुवात, मग कोसबाड. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा म्हणत. मूल येत नाही तर शाळेने जावं, हा विचार आपल्या मातीत होता, त्यासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. पण लक्षात घ्या, कुरणावर मुलांना सोडून दिलं नव्हतं. शिक्षिका सोबत चालत होती. गोदातीर, तू भाजी निवडत शेजारी बसतेस असं लिहिलंस ना, तिथे मी दोनदा थांबले.

आणि पुन्हा_शाळेत, बाळ, अकरा महिने केलंस ते वाया गेलेलं नाही. त्या मुलाला वह्या गोळा करायला लावायच्या हे त्या बाईंना कुणी सुचवलं? माझा अंदाज, तूच.

पुन्हा_शाळेत

हो आजी. मीच.

सिडकोवासी

सडबरीत काहीच नियम नसतात का? मग एवढ्या धावपळ्या मुलांचं तिथे कसं होतं?

गोदातीर

हा माझाही गैरसमज होता. नियम असतात आणि भरपूर असतात. फक्त ते शाळेच्या सभेत ठरतात, जिथे लहान मुलालाही मोठ्यांइतकंच एक मत असतं. कुणी नियम मोडला तर तक्रार लिहून द्यायची, आणि मुलं व मोठे मिळून असलेल्या समितीपुढे ती चालते. मला वाटतं आपल्या मुलांना हे उलट सोपं जातं. नियम कमी शब्दांत, आधीपासून माहीत, आणि मोडला की परिणाम लवकर. महिन्याने पालकसभेत कळणाऱ्या तक्रारीचा त्यांना काही उपयोग नसतो. आम्ही घरी रविवारी रात्री जेवणानंतर अशी सभा घेतो. मोबाइल दुपारी चार ते पाच हा ठराव त्यानेच मांडला. मी साडेचार म्हणत होते, सासूबाईंनी त्याला मत दिलं, मी हरले. आणि तो ठराव तो पाळतो.

रात्रपाळी दादा, कंटाळवाण्या कामाचं लगेच सुरू केलं. रोज मामांच्या दुकानातला हिशेब वहीत उतरवायचा. पंक्चर किती, हवा किती, किती उधार. पहिल्या दिवशी त्याने वही भिरकावली. आता फळ्यावर तिसरं काम तेच असतं.

खडूफळा ताई, तुमच्या प्रतिसादाने मला दोन रात्री झोप लागली नाही. तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. तो सलग वाचत नाही. पहिलं अक्षर बघून अंदाज करतो, "सोमवार"चं "सोमेश्वर" करतो, जोडाक्षर आलं की शब्दच गाळतो. मी ते "लक्ष नसतं म्हणून" यावर ढकलत होते. सायकलीच्या आनंदात ते मागे पडलं, हे मान्य करते. काल त्याला माझ्या शेजारी बसवून एक परिच्छेद वाचून घेतला, घड्याळ न लावता. चौथ्या ओळीला त्याने बाही तोंडात घातली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

खडूफळा

ताई, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. एका बैठकीत करू नका असं आधीच सांगा, दोन दिवसांत विभागून घेतात. आणि निघालंच काही तर एक फायदा लक्षात ठेवा : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी त्या प्रमाणपत्राचा आधार लागेल. वय साडेदहा म्हणजे उशीर झालेला नाही. रोज वीस मिनिटं, क्रमाने. तुमच्या फळ्यावर तेवढी जागा आहे.

गोदातीर

वेळ मिळाली आहे, सोमवारी आणि बुधवारी, अकरा वाजता. मामांना सांगून ठेवलं, त्या दोन दिवशी दुकानात येणार नाही. त्याला आज सगळं खरं सांगितलं. अक्षरं तुला इतरांपेक्षा वेगळी दिसतात का ते बघणार आहेत, आणि तसं असेल तर शिकवायची पद्धत आहे.

बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "किती वेळ बसायचं?" म्हटलं, अर्धा तास, मग सुट्टी, मग अर्धा तास. आतल्या खोलीत गेला आणि लाल पट्टीचं घड्याळ आणून माझ्या पिशवीत टाकलं.

बुधवारनंतर लिहिते.